माउंट सावकाश ठरवा, लेन्स भराभर आणा

वाचकाचं पत्र : ‘माझ्याकडे निकॉनचा डी७५० आहे आणि तीन लेन्स आहेत. एएफ-एस २४-१२० एफ/४, एएफ-डी ८०-२०० एफ/२.८ आणि एएफ-डी ५० एफ/१.८. नाटकाचे प्रयोग आणि मैदानी खेळ, एवढंच टिपतो, पण नेमाने टिपतो. निकॉन आणि कॅनन या जुन्याजाणत्या कंपन्यांनी मिररलेसच्या बाबतीत आधी नुसती चालढकल केली आणि मग एकदम जुनं दार लावून घेतलं, असं मला वाटतं. मित्राच्या मिररलेसवर अडॅप्टर लावून पाहिला, तर माझी सगळ्यात आवडती ८०-२०० फोकसच करत नाही. प्रश्न दोन आहेत. या कंपन्यांनी आणखी वेगाने जायला हवं होतं का, आणि अजूनही जायला हवं का? आणि मी काय करू? सगळं विकून मोकळा होऊ?’

सप्रेम नमस्कार.

सगळं विकू नका. का, ते पुढे येईलच. आधी पहिला प्रश्न घेऊ, कारण दुसऱ्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे.

वेग हवा होता का? हो, हवा होता. पण कशाचा, ते आधी सुटं करून बघायला हवं. मिररलेसकडे जाणं म्हणजे डीएसएलआरमधला, लेन्समधून आलेली प्रतिमा व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा आरसा नुसता काढून टाकणं नव्हे. फोकसचं काम आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरकडून मुख्य सेन्सरवर आणायचं, आरशाची जागा रिकामी झाल्यावर नवा माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे अडकते ती बैठक, आखायचा, आणि त्या माउंटच्या लेन्स बनवायच्या, अशी ही तीन कामं आहेत. पहिलं जमेपर्यंत घाई करून उपयोग नव्हता. दुसरं एकदाच करता येतं, चुकलं की सुधारता येत नाही. खरी घाई तिसऱ्यात हवी होती, आणि नेमकी तिथेच झाली नाही.

पहिलं काम का अडलं होतं? डीएसएलआरमध्ये मुख्य आरशामागचा छोटा आरसा थोडा प्रकाश खालच्या फोकस सेन्सरकडे पाठवतो. तिथली फेज डिटेक्शनची पद्धत एकाच मोजणीत सांगते, की फोकस पुढे सरकलाय की मागे, आणि साधारण किती. लेन्सची मोटर एका झेपेत तिथे जाऊन थांबते. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणला, तो मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे पॅनासॉनिक-ऑलिम्पसच्या सामाईक, लहान सेन्सरच्या प्रणालीचा पहिला मिररलेस. त्यात फोकस कॉन्ट्रास्ट बघून व्हायचा. या पद्धतीला दिशा कळत नाही. लेन्स हलवून पाहायची, कॉन्ट्रास्ट वाढला तर पुढे जायचं, कमी झाला तर मागे फिरायचं. त्यासाठी हलके काचगट आणि पटापट पुढे-मागे करणारी मोटर लागते. जुन्या लेन्स एका झेपेसाठी आखलेल्या, त्या या मागे-पुढे करण्यात धापा टाकायच्या. ज्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांच्या कपाटात अशा लेन्सचे ढीग होते, त्यांनी २००८ किंवा २०१० साली धीर धरला, यात आम्हाला चूक दिसत नाही.

ही सबब २०१३ साली संपली. त्या वर्षी कॅननने ७०डी या आपल्याच डीएसएलआरमध्ये ड्युअल पिक्सेल सेन्सर दिला, ज्यात प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून सेन्सरवरच फेज डिटेक्शन केलं जातं. ऑलिम्पसने ई-एम१मध्ये सेन्सरवर फेज डिटेक्शन आणलं आणि आपल्या जुन्या फोर थर्ड्स लेन्स पुन्हा कामाला लावल्या. सोनीने ए७ आणि ए७आर हे फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरचे मिररलेस बाजारात उतरवले. आता निकॉनचा झेड६-झेड७ आणि कॅननचा ईओएस आर कधी आले बघा : २०१८ साली. आधीची पाच वर्षं माफ करता येतात, ही मधली पाच येत नाहीत.

बरं, या दोघांच्या घरात हे तंत्र नव्हतं असंही नाही, आणि हेच जास्त खटकतं. २०११ सालच्या निकॉन १ मालिकेत सेन्सरवरच फेज डिटेक्शनचे ७३ बिंदू होते आणि फोकस धरून सेकंदाला १० फ्रेम निघायच्या. त्या काळात ही मोठी झेप होती. पण ती बसवली १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच्या चिमुकल्या सेन्सरवर, म्हणजे क्रॉप २.७, सेन्सरचा कर्ण फुल फ्रेमच्या साधारण २.७ पटीने लहान. कमी उजेडात तो सेन्सर डीएसएलआरच्या जवळपासही जात नव्हता. २०१८ साली मालिकाच बंद झाली. कॅननचंही तसंच. २०१२ सालचा त्यांचा पहिला मिररलेस ईओएस एम फोकसला इतका रेंगाळायचा, की पुढच्या वर्षी फर्मवेअर बदलून तो वेगवान करावा लागला. ड्युअल पिक्सेल २०१३पासून हाताशी असताना एम मालिकेत तो आला २०१६ सालच्या एम५मध्ये. मोठ्या डीएसएलआरच्या विक्रीला धक्का लागू नये म्हणून धाकट्याला मुद्दाम खुरटं ठेवलं, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. म्हणजे या कंपन्या हळू चालल्या, एवढीच तक्रार नाही. अर्ध्या मनाने चालल्या, ही खरी तक्रार आहे.

अर्ध्या मनाने निवडलेला माउंट किती महागात पडतो, ते मिलिमीटरमध्ये मोजता येतं. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, म्हणजे फ्लँज, कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ माउंटला ४४ मिलिमीटर आहे आणि मिररलेसच्या आरएफला २०. फरक २४ मिलिमीटरचा, तेवढ्या जाडीची पोकळ नळी घातली की ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर तंतोतंत बसते. मध्ये काच लागत नाही, त्यामुळे प्रतिमेचा दर्जा जिथल्या तिथे. निकॉनचा, म्हणजे तुमच्या डी७५०चा, एफ माउंट १९५९ सालचा, फ्लँज ४६.५. मिररलेसच्या झेडचा १६. म्हणून एफ लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर ३०.५ मिलिमीटर जागा भरून काढतो. आता एम मालिकेचा ईएफ-एम माउंट घ्या, फ्लँज १८. ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर लावायची, तर ती बैठकीच्या २ मिलिमीटर आत रुतायला हवी. उलट आरएफ लेन्स ईएफ-एम बॉडीवर लावायची, तर अवघ्या २ मिलिमीटरच्या चकतीत दोन बैठकी, कुलूप आणि विजेचे संपर्क कोंबायला हवेत. एकाच कंपनीचे दोन मिररलेस माउंट आणि दोघांमध्ये पूल नाही. २०२० सालचा एम५० मार्क २ हा त्या माउंटचा शेवटचा कॅमेरा ठरला आणि ज्यांनी त्या लेन्स जमवल्या ते तिथेच अडकले.

तोच २ मिलिमीटरचा फरक सोनीच्या ई आणि निकॉनच्या झेडमध्येही आहे. पण झेडचं तोंड ५५ मिलिमीटर रुंद, ई माउंटचं ४६. त्या रुंदीत सोनीची लेन्स मावते, म्हणून बाहेरच्यांना पातळ ई-टू-झेड अडॅप्टर बनवता आले. माउंट आखताना चार मिलिमीटर इकडचे तिकडे झाले, की पुढची तीस वर्षं ठरतात. तिथे सावकाशीच हवी.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पेंटॅक्सचं. २०१२ सालच्या के-०१मध्ये आरसा काढला, पण जुन्या लेन्स थेट बसाव्यात म्हणून के माउंटचा ४५.४६ मिलिमीटरचा फ्लँज तसाच ठेवला. आरसा गेला, जाडी राहिली, आणि व्ह्यूफाइंडरही नाही. आरसा काढण्याचे जे फायदे, तेच हाती लागले नाहीत. तो प्रयोग चालला नाही. पुढे २०२१ साली पेंटॅक्सने के-३ मार्क ३ हा सरळसरळ डीएसएलआर आणला. काळाच्या उलट असला, तरी त्या निर्णयात गिऱ्हाइकाला आपण कुठे उभे आहोत ते स्वच्छ कळतं. आम्हाला तो अर्धवट मिररलेसपेक्षा बरा वाटतो.

मग २०१८ साली माउंट बरोबर आखले, तरी तुमच्यासारख्यांना अजून वाऱ्यावर सोडल्यासारखं का वाटतं? कारण लेन्स आल्या नाहीत. झेडची सुरुवात तीन लेन्सवर झाली : २४-७० एफ/४, ३५ एफ/१.८ आणि ५० एफ/१.८. कॅननने चार दिल्या, त्यांतली एक २८-७० एफ/२, म्हणजे तंत्राचा नमुना म्हणून उत्तम, पण रोजच्या वापरात कितीजण ती गळ्यात घालून फिरणार? कामाची ७०-२०० एफ/२.८ झेडला हातात यायला २०२० उजाडलं. बॉडींतही कसर होती. झेड६, झेड७ आणि ईओएस आर या तिघांत कार्डाची जागा एकच, आणि ईओएस आरच्या बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही. दोन कार्डं, स्टॅबिलायझेशन आणि भरवशाचा फोकस हे सगळं एकत्र आलं ते २०२० सालच्या आर५-आर६मध्ये. निकॉनकडे त्याच वर्षी झेड६ आणि झेड७च्या दुसऱ्या आवृत्त्यांमध्ये दुसरं कार्ड आलं. आणि २०२० हेच ते वर्ष, ज्यात जपानी कॅमेरा उद्योगाच्या आकडेवारीत मिररलेसची पाठवणी डीएसएलआरच्या वर गेली. गिऱ्हाईक आधीच निघालेलं होतं, लेन्स मागून आल्या.

आता राहिला वेग कुठे हवा, ते सांगतो. बॉडीच्या नव्या नव्या आवृत्त्यांना आता काही घाई नाही. घाई हवी ती बाहेरच्या लेन्स कंपन्यांना माउंट मोकळा करून देण्याची. सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ सालीच खुली केली, म्हणून तिथे सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्सची रांग लागली. कॅननच्या आरएफसाठी या दोघांच्या परवानाधारक एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) लेन्स जाहीर व्हायला २०२४ लागलं, म्हणजे माउंट येऊन सहा वर्षं. ही दिरंगाई कुठल्याही तांत्रिक अडचणीने झालेली नाही.

आणि तुमची ८०-२०० का बसून राहते, तेही याच हिशेबातलं. लेन्स काढून तिच्या मागच्या धातूच्या कड्याकडे नीट बघा. कडेला एक बारीकसा, स्क्रू-ड्रायव्हरच्या खाचेसारखा तुकडा दिसेल. एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. डी७५०च्या बैठकीतून बाहेर आलेलं पातं त्या खाचेत बसतं आणि बॉडीतली मोटर लेन्स फिरवते. झेड बॉडीत ती मोटर नाही आणि एफटीझेडमध्येही नाही, त्याच्या पहिल्या आवृत्तीत नाही आणि दुसऱ्या आवृत्तीतही नाही. ॲपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारी कळ ढकलायची सोय मात्र अडॅप्टरमध्ये आहे. म्हणून ॲपर्चर चालतं, मोजणी चालते, स्टॅबिलायझेशनही मिळतं, फोकस तेवढा हाताने. तुमच्या २४-१२०मध्ये मोटर लेन्सच्या आतच आहे, ती नीट चालेल. अडॅप्टरमध्ये मोटर बसवणं अशक्य आहे, असं कुणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. सोनीने २०२० सालच्या एलए-ईए५ या अडॅप्टरमध्ये नेमकं हेच केलं आणि ठरावीक बॉडींवर त्यांच्या आधीच्या ए माउंटच्या जुन्या स्क्रूवाल्या लेन्स ऑटोफोकस करू लागल्या. निकॉनने हे करायला हवं होतं. लाखो लेन्सचा प्रश्न एका छोट्या मोटरने सुटला असता.

आता तुमचं काय.

आधी गेल्या वर्षभरातले फोटो संगणकावर काढा आणि फोटोसोबत साठवलेल्या माहितीवरून लेन्सप्रमाणे आणि फोकल लेंग्थप्रमाणे गाळून बघा. नाटकाचे किती, खेळाचे किती, ८०-२००वर किती. हा आकडा कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेकांना आवडती लेन्स आणि वापरली जाणारी लेन्स या दोन वेगळ्या निघतात.

नाटकासाठी मिररलेसचा फायदा खरा आहे, आणि तो म्हणजे शांतता. आरशाचा ठोकाच नाही. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर काहीच आवाज नाही. पण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. साध्या फुल फ्रेम सेन्सरला त्यासाठी साधारण १/१५ ते १/२० सेकंद लागतो. ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणारा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. म्हणजे १/२० सेकंदात पाच वेळा, आणि शटरवेग जास्त ठेवला की तुमच्या फ्रेममध्ये पाच आडवे पट्टे. रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांचं लुकलुकणं याहून कितीतरी वेगवान असतं, तिथे पट्टे बारीक आणि पुष्कळ येतात. अभिनेत्याच्या चेहऱ्यावरून गेलेला जांभळा पट्टा नंतर संगणकावर निघत नाही.

म्हणून विकत घेण्याआधी कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने किंवा उसना घ्या आणि रंगीत तालमीला न्या. इलेक्ट्रॉनिक शटरवर १/५०, १/१०० आणि १/२५० या प्रत्येक वेगाला वीस-वीस फ्रेम घ्या. दिव्यांचे रंग बदलतात तशी ही मालिका पुन्हा घ्या, कारण लाल, निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांचं लुकलुकणं वेगवेगळं असू शकतं. फोटो मागच्या पडद्यावर बघून खूश होऊ नका, घरी मोठे करून मागच्या सपाट पडद्यावर आणि चेहऱ्यांवर पट्टे शोधा. साध्या विजेच्या लुकलुकण्यावर १/५० आणि १/१०० हे वेग पूर्ण आवर्तनं पकडतात, म्हणून तिथे पट्टे जातात. एलईडीवर मात्र तशी खात्री नसते. पट्टे दिसलेच, तर त्याच ठिकाणी मेकॅनिकल शटर लावून बघा. आरसा नसल्याने आवाज डी७५०पेक्षा कमीच असतो, एक बारीक ‘टिक्’. मधल्या रांगेत बसून तो चालतो का, ते दिग्दर्शकालाच ऐकवा.

ज्यांना पूर्ण शांतताच हवी, त्यांनी स्टॅक्ड, म्हणजे थरांवर थर रचून वाचन खूप वेगवान केलेल्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा. निकॉनचा झेड९ सेन्सर सुमारे १/२७० सेकंदात वाचतो, म्हणून त्यात मेकॅनिकल शटर ठेवलेलंच नाही. २०२३ सालचा झेड८ त्याच घरातला. २०२४ सालची झेड६ची तिसरी आवृत्ती अंशतः स्टॅक्ड, म्हणजे या दोघांच्या आणि साध्या सेन्सरच्या मधला. यांतल्या वरच्या दोघांत शटरवेग अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येतो, पट्टे जिथे विरतात तो वेग फिरवून शोधायचा.

८०-२०० नाटकाला हाताने फोकस करून वापरता येईल का? येईल, आणि हे करून बघाच. २०० मिलिमीटर, एफ/२.८, माणूस १५ मीटरवर, असं धरलं तर फोकसची खोली पुढून-मागून मिळून जेमतेम ९५ सेंटिमीटर भरते. संवाद म्हणत उभ्या असलेल्या नटासाठी तेवढी पुरते. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करा, डोळ्यावर फोकस लावा, मोठेपणा काढा, फोटो घ्या. काळोख्या रंगमंचावर फोकस-पीकिंगच्या रंगीत कडांवर विसंबू नका, त्या चित्रातल्या दाणेदार ठिपक्यांनाही (नॉइजला) कड समजतात. ही लेन्स सुमारे १.३ किलोची, तेव्हा तिला स्टँडचं कडं असेल तर वजन त्या कड्यावर घ्या, अडॅप्टरच्या बैठकीवर टांगू नका.

खेळाला मात्र हे चालणार नाही. तुमच्या दिशेने सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा खेळाडू ते ९५ सेंटिमीटर साधारण ०.१४ सेकंदात ओलांडतो. हात तेवढा चपळ नसतो. खेळासाठी डी७५० आणि ८०-२०० ही जोडी आहे तशीच ठेवा. ती आज जशी काम करते तशीच उद्याही करेल.

म्हणजे आमचा सल्ला असा : नाटकाचे फोटो निम्म्याहून जास्त असतील, तरच एक झेड बॉडी आणि एफटीझेडची दुसरी आवृत्ती घ्या. दुसरीच घ्या, कारण पहिलीच्या पोटाखाली स्टँडचा खूर आहे आणि तो हाताला नडतो. त्यावर २४-१२० लावून निदान तीन प्रयोग काढा. नवी झेड लेन्स त्यानंतर. खेळाचे फोटो जास्त असतील तर यंदा काहीच घेऊ नका.

बॅटरीचा हिशेब आधीच करा. मोजणीची एकच प्रमाणित पद्धत लावली, तर डी८५०च्या एका बॅटरीत १८४० फोटो निघतात आणि त्याच आकाराच्या सेन्सरच्या झेड७मध्ये ३३०. प्रत्यक्षात याहून बरेच जास्त निघतात, पण कारण समजून घ्या. मिररलेसमध्ये बॅटरी फोटोंनी संपत नाही, पडदा चालू राहण्याने संपते. दोन अंकांचं नाटक असेल तर दोन भरलेल्या बॅटऱ्या सोबत आणि मध्यंतरात बदल, असा नेम ठेवा. डोळा काढल्यावर व्ह्यूफाइंडर बंद होईल अशी सेटिंग लावा, नाहीतर मांडीवर ठेवलेला कॅमेराही बॅटरी खात बसतो.

आणि लेन्स बदलायची सवय मोडा. डी७५०मध्ये आरसा आणि शटर सेन्सरच्या पुढे असतात, झेड६सारख्या बॉडीत लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर. कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, दुसरी लेन्स मागचं झाकण सैल करून हाताशी ठेवा, मग पहिली काढा. धूळ बसलीच तर हातपंपाच्या हवेने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब धुळीपेक्षा चिवट असतो. बंद केल्यावर शटर खाली येणारी बॉडी असेल, तर त्या पातळ पात्यांवर हवा मारू नका, ती वाकतात.

५० एफ/१.८ एएफ-डी ठेवा की विका, त्याने फारसा फरक पडत नाही. ८०-२०० मात्र डी७५० चालू आहे तोवर हातची सोडू नका.